पान एकशे बारावरची मुलगी

“सर, पान एकशे बारा,” मुलगी म्हणाली. पुस्तक टेबलावर उघडं ठेवून ती दोन पावलं मागे सरकली.

सरांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. पुस्तक त्यांचंच होतं, म्हणजे त्यांनी लिहिलेलं. प्रत ग्रंथालयाची, चार ठिकाणी चिकटपट्टी लावलेली. पान एकशे बारा त्यांना न बघता सांगता आलं असतं. वरच्या अर्ध्या भागात फोटो आणि खाली ओळ : ‘आकृती सात. जेवताना मौन पाळणारी बालिका.’ फोटोत पाचेक वर्षांची मुलगी मांडी घालून बसली होती. पुढ्यात थाळी, ओठ घट्ट मिटलेले आणि नजर फोटोच्या डाव्या कडेबाहेर कुठेतरी.

“ही माझी आई आहे,” मुलगी म्हणाली.

सर असे उठले की खुर्ची मागच्या कपाटावर आपटली. अडतीस वर्षं मानवशास्त्र शिकवलेल्या माणसाच्या पुढ्यात असा योग क्वचित येतो. ज्या घरावर पुस्तक लिहिलं त्या घरातली नात आपल्याच वर्गात, आणि तीही गेले चार महिने खिडकीपाशी बसून, एक प्रश्न न विचारता! त्यांना आनंदानं काय करू नि काय नको असं झालं.

“अगं, काय सांगतेस! तू भाऊंची नात? आणि वहिनी? वहिनी आहेत ना?”

“आजी आहे. आजोबा गेले.”

“अरेरे. आणि आई कुठे असते? तुम्ही वस्तीवरच राहता की खाली आलात? आई किती शिकली?” बोलता बोलता सरांनी खिशातली छोटी वही काढली आणि पेनाचं टोपण दातांनी उपसलंसुद्धा. जन्माची खोड, ती कुठे जाणार?

“लिहू नका ना, सर.”

सरांनी टोपण तोंडातून काढलं. मुलगी बुटांच्या टोकांकडे बघत होती. काहीतरी घडाघडा सांगायची तयारी करून आली होती आणि आता घोडं पहिल्याच पायरीवर अडलं होतं.

हे समजायला सरांच्या पुस्तकातलं ते प्रकरण थोडं सांगायला हवं. सत्ताविसाव्या वर्षी सर डोंगरापलीकडच्या एका वस्तीत अकरा महिने राहिले होते. झोपायला वस्तीच्या टोकाशी एक खोली आणि संध्याकाळचं जेवण भाऊ-वहिनींच्या घरी. तिथे त्यांच्या लक्षात आलं की घरातली सहाही माणसं, अगदी लहान मुलंदेखील, एक अक्षर न बोलता जेवतात. यावर त्यांनी बावीस पानांचं प्रकरण लिहिलं : संध्याकाळच्या जेवणाला पूर्वज घरात येऊन बसतात अशी त्या लोकांची समजूत आहे आणि त्यांचा मान म्हणून जिवंत माणसांनी बोलायचं नसतं. प्रकरण गाजलं. दूरदूरच्या विद्यापीठांत ते पोरांना वाचायला लावत. विद्यार्थ्यांनी सरांचं नाव ‘गप्पसर’ पाडलं, कारण गप्प बसण्यावर तास न् तास बोलणारा दुसरा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. सरांना हे नाव ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

“मी परवापर्यंत काही सांगणार नव्हते,” मुलगी म्हणाली. “पण परवा तुम्ही तो फोटो भिंतीवर लावलात. आईचं तोंड एवढं मोठं दिसलं. सगळे खाली बघून टिपून घेत होते. मग मी घरी गेले आणि ते प्रकरण आजीला वाचून दाखवलं.”

“काय म्हणाल्या वहिनी?”

“आधी हसली. म्हणाली, आपल्यात कसलं आलंय मौन? आपलं घर जेवायला बसलं की कावळ्यांची शाळा भरते. ते खरंय, सर. आमच्याकडे सगळे एकदमच बोलतात.”

“मग?”

“मग हसायची थांबली. म्हणाली, त्या वर्षी घरात दाणा नव्हता. कंद उकडून दिवस काढत होते. त्यात तुम्ही रोज जेवायला यायचात. पाहुण्याला नको कसं म्हणणार? तुम्हाला आधी वाढायचे. आजोबांनी सगळ्यांना बजावलं होतं की साहेब उठेपर्यंत कुणीही ‘अजून वाढ’ म्हणायचं नाही. पण आई पाच वर्षांची, मामा तीन वर्षांचा. काय बोलायचं आणि काय नाही, हे त्यांना काय कळणार? म्हणून सांगून टाकलं, साहेब असले की तोंडच उघडायचं नाही. खाण्यापुरतंच उघडायचं.”

खोलीत पंखा फिरत होता. सरांना उगाचच वाटलं, तो बंद करावा.

“आणि फोटोत आई पूर्वजांकडे बघत नाहीये,” मुलीनं पानाच्या डाव्या कडेवर बोट ठेवलं. “इथे पातेलं होतं.”

सर फोटोकडे बघत राहिले. गेली अनेक वर्षं त्या नजरेवर ते पंधरा मिनिटं बोलत आले होते.

“आजी रागावलेली नाही हं,” मुलगी घाईघाईनं म्हणाली. “ती म्हणाली, माणूस भला होता. वाढेल ते पोटभर खायचा.”

* * *

क्षेत्रकामाच्या सगळ्या वह्या सरांच्या कपाटात होत्या, एकूण एकोणीस, पाठीवर आकडे घातलेल्या. मुलगी गेल्यावर त्यांनी दाराला आतून कडी लावली आणि तिसरी वही काढली. हवं ते पान सापडायला वेळ लागला नाही. अक्षर तरुणपणीचं, झोकात लिहिलेलं.

‘संध्याकाळी भाऊंकडे. सगळे गप्प. वहिनींना विचारले : जेवताना बोलत नाही का? उत्तर : नाही बोलत. विचारले : पूर्वज येतात म्हणून का? उत्तर : हो, तसंच.’

आणि त्याखाली : ‘कंदाची भाजी उत्तम. दोनदा वाढून घेतली. फार आग्रह करतात.’

सरांची कानशिलं तापली. पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात ते पोरांना एकच गोष्ट घोटून घोटून शिकवत : प्रश्नात उत्तर घालून विचारायचं नाही. समोरचा माणूस भिडस्त असतो, थकलेला असतो, त्याला तुम्हाला लवकर वाटेला लावायचं असतं. तुम्ही तयार उत्तर पुढे केलंत की तो ‘हो, तसंच’ म्हणून मोकळा होतो. हे त्यांनी किमान दोन हजार मुलांना सांगितलं असेल. सांगताना स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन एक विनोदही करत.

पुढची पानं चाळताना ‘दोनदा वाढून घेतले’ त्यांना आणखी अकरा वेळा सापडलं. मग मोजणं सोडून त्यांनी छापील पुस्तक उघडलं. प्रस्तावनेत, पान नऊवर, त्यांच्याच हातचं एक वाक्य होतं : ‘त्या वर्षी वस्तीत पीक बेताचे होते.’ पान नऊ आणि पान एकशे बारा यांची गाठ या जन्मात त्यांच्या मनात पडली नव्हती. पडली असती तर पुस्तक झालं नसतं, हेही त्यांना त्याच क्षणी कळलं, आणि स्वतःची अशी लाज वाटली की रिकाम्या खोलीतसुद्धा त्यांनी मान खाली घातली.

* * *

विभागात आता अडीच शिक्षक उरले होते. एक सर, एक विभागप्रमुख बाई आणि अर्धा म्हणजे समाजशास्त्राकडून आठवड्यातले तीन दिवस उसना मिळणारा एक गृहस्थ. कधीकाळी इथे सहा जण होते. वस्तुसंग्रहाच्या खोलीत आता परीक्षा विभागाचे गठ्ठे होते आणि जुन्या टोपल्या, दळायची जाती, मासे धरायचे सापळे जिन्याखाली जाऊन बसले होते. विद्यार्थी अकरा. गुरुवारी तिघांची समिती येणार होती. विभाग स्वतंत्र ठेवायचा की व्यवस्थापनाच्या नव्या इमारतीत हलवून तिथल्या मुलांना गिऱ्हाइकाच्या आवडीनिवडी शिकवायला जुंपायचा, हे ती ठरवणार होती. समिती एक तास वर्गात बसणार होती, आणि तो तास विभागप्रमुखांनी सरांचा ठेवला होता. विषय अर्थात मौन.

विभागप्रमुख सरांचीच विद्यार्थिनी. अजूनही ती त्यांच्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसत असे. मंगळवारी सरांनी तिला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिचा चहा गार झाला.

“नक्की?” तिनं विचारलं.

“वहीतच आहे. माझ्याच अक्षरात.”

“सर, माझ्या पीएचडीचं अख्खं तिसरं प्रकरण तुमच्या या प्रकरणावर उभं आहे.”

“माहितेय.”

“नाही, मी माझं रडगाणं नाही गात. चूक ती चूक. लिहू आपण, दोघं मिळून लिहू. पण गुरुवारी नको. शुक्रवारी सांगा. शनिवारी छापा. गुरुवारचा एक तास तेवढा जाऊ दे.”

“खोटं शिकवू?”

“अडतीस वर्षं शिकवलंत. अजून पाऊण तास!” बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. पण शब्द बाहेर पडला होता, आणि तो खोटाही नव्हता. “सॉरी, सर. पण तुम्ही समजून घ्या ना. ती माणसं एकच विचारणार आहेत, या विषयानं आजवर काय दिलं? आपल्याकडे दाखवायला एक पुस्तक आहे. तुमचं. तेच तुम्ही त्यांच्यासमोर टराटरा फाडणार? उद्यापासून या अकरा पोरांना साबण कसा खपवायचा ते शिकवतील.”

“मग सांगू तरी काय मी वर्गात?”

“निदान दुसरा धडा घ्या. नातेसंबंधांच्या आकृत्या काढा फळ्यावर.”

“छापून गेलंय ना समितीच्या कार्यक्रमपत्रिकेत?”

“गेलंय,” ती म्हणाली आणि तिनं कपाळ चोळलं.

खरं सांगायचं तर सरांनाही शुक्रवारचा मोह झाला. सहा महिन्यांनी निवृत्ती होती. निरोपाच्या समारंभात त्या पुस्तकाबद्दल कोण काय बोलेल, तेसुद्धा त्यांनी अधूनमधून मनाशी घोळवलं होतं. एवढं होऊन जावं, मग बघू, असं कुणाला वाटणार नाही? पण त्या रात्री जेवताना घास तोंडाशी नेला की फोटोतली मुलगी पातेल्याकडे बघायची आणि घास खाली यायचा. बुधवारी सकाळी त्यांचं ठरलं. गुरुवारी उभं राहून सगळं सांगायचं : दुष्काळ, कंद, भाऊंची ताकीद, स्वतःचं दोनदा वाढून घेणं. काही लपवायचं नाही. ठरवल्यावर त्यांना बरं वाटलं. जरा जास्तच बरं वाटलं. चूक कबूल करणारा संशोधक, अशी एक छबी त्यांच्या डोळ्यांपुढे येऊन उभीही राहिली.

विचारलं पाहिजे, एवढी बुद्धी मात्र झाली. ग्रंथालयाबाहेर पाण्याच्या यंत्रापाशी मुलगी बाटली भरत होती. सर तिथे गेले.

“उद्या मी वर्गात खरं काय ते सांगणार आहे,” ते म्हणाले. “तुला चालेल ना?”

विचारल्या विचारल्या त्यांच्या लक्षात आलं, पुन्हा प्रश्नात उत्तर घातलं. पण मुलगी आजीसारखी ‘हो, तसंच’ म्हणणाऱ्यातली नव्हती.

“नाही,” ती म्हणाली.

“तुला नाही उभं करणार मी. तुझं नावही घेणार नाही.”

“नाव पुस्तकात आहे ना, सर. वस्तीचं आहे, आजोबांचं आहे. घराचा नकाशा आहे, चूल कुठे नि दार कुठे. आईचा तर फोटोच आहे.” बाटली भरून पाणी वरून वाहायला लागलं तेव्हा तिनं नळ बंद केला. “काल आजीला फोनवर सांगितलं मी, की सर बहुतेक सगळ्यांना सांगतील. माहितेय काय म्हणाली? म्हणाली, त्या माणसासमोर आम्ही तोंड मिटून बसलो ते कशासाठी? उपास कळू नये म्हणूनच ना? एवढ्या लहान पोरांनी पाळलं ते. आणि आता तोच गावभर सांगणार?”

तिनं बाटलीचं टोपण लावलं.

“तुम्ही एकदा आमच्याबद्दल सगळ्या जगाला सांगितलंत. ते चुकीचं होतं. आता बरोबर सांगणार. पण सांगणार तुम्हीच, आणि आमच्याबद्दलच.”

“अगं, मग मी करू तरी काय? जुनं शिकवता येत नाही, नवं सांगता येत नाही.”

“ते मला कसं माहीत असणार, सर?” मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात खवचटपणा नव्हता. तिला खरंच माहीत नव्हतं. “मी दुसऱ्या वर्षाला आहे.”

* * *

गुरुवारी समिती वेळेवर आली. पिकल्या केसांचे अध्यक्ष, लॅपटॉप मांडीवर घेतलेल्या एक बाई आणि चौकटींचे कागद पॅडला लावून बसलेला एक तरुण. तिघं मागच्या बाकावर बसले. विभागप्रमुख दाराशी उभी होती. तिनंच सकाळी लवकर येऊन प्रोजेक्टर लावून ठेवला होता आणि भिंतीवर आकृती सात तयार होती, पुरुषभर उंच. मुलगी खिडकीपाशी, नेहमीच्या जागेवर. तिनं भिंत दिसणार नाही अशी मान वळवली होती.

सरांनी आत आल्यावर पहिलं काम केलं ते प्रोजेक्टर बंद करण्याचं.

“आजचा विषय मौन,” ते म्हणाले. “पुस्तकातलं चौथं प्रकरण तुम्ही सगळ्यांनी वाचलंय. ते चुकीचं आहे.”

कुणीतरी हसलं. गप्पसरांचा काहीतरी नवा डाव असेल, असं त्याला वाटलं असावं. दाराशी विभागप्रमुखानं डोळे मिटून घेतले.

सरांनी तिसऱ्या वहीतले दोन प्रश्न आणि दोन उत्तरं फळ्यावर लिहिली. “दुसरा प्रश्न बघा. यात चूक काय?”

पुढच्या बाकावरच्या एकानं चाचरत सांगितलं, “उत्तर प्रश्नातच आहे, सर.”

“हा प्रश्न मी विचारला होता. त्या बाई दिवसभराच्या कामानं दमल्या होत्या. त्यांनी ‘हो, तसंच’ म्हणून माझी बोळवण केली, आणि मी त्यावर बावीस पानं लिहिली. त्या घरात जेवताना बोलायचं नाही अशी कोणतीही प्रथा नव्हती. मी समोर बसलो होतो म्हणून ती माणसं गप्प होती. मी नसताना ती काय बोलतात, हे मला कळण्याची सोयच नव्हती, कारण मी नसताना मी तिथे नव्हतो. एवढं साधं माझ्या ध्यानात आलं नाही.”

“मग सर, परीक्षेत काय लिहायचं?” मागून एकानं घाबरून विचारलं. वर्ग हसला. सरही हसले. तेवढ्यापुरता त्यांचा श्वास मोकळा झाला.

अध्यक्षांनी हात वर केला. “मध्येच बोलतो, माफ करा. ते तुमच्यामुळे गप्प होते म्हणता. ते का?”

“ते मी सांगू शकत नाही.”

“माहीत नाही?”

“माहीत आहे.”

“मग?”

“ते ज्यांचं आहे त्यांनी मला सांगायची परवानगी दिलेली नाही.”

लॅपटॉपवाल्या बाईंनी मान वर केली. “सर, तुम्ही स्वतःचा इतका प्रसिद्ध निष्कर्ष मागे घेताय. त्याला पुरावा असेल ना?”

“आहे.”

“समितीपुरता तरी दाखवा.”

“नाही.”

“मग मी नोंद काय करू? लेखकाला स्वतःच्या संशोधनाचं समर्थन करता आलं नाही, अशी?” बाई टोचून बोलत नव्हत्या, खरोखर विचारत होत्या.

“हो. अशीच करा,” सर म्हणाले.

तरुणानं कागदावरच्या एका चौकटीत खूण केली. सगळ्यांच्या नजरा सरांवर होत्या. अकरा मुलांच्या, तिघा परीक्षकांच्या आणि दाराशी उभ्या असलेल्या त्या बाईची, जिची उरलेली वीस वर्षांची नोकरी सरांच्या पुढच्या वाक्यावर टांगलेली होती. एक वाक्य पुरलं असतं. भूक म्हटलं की सगळ्यांना सगळं समजलं असतं. अध्यक्षांचे डोळे पाणावले असते, बाईंनी ‘अत्यंत प्रामाणिक’ असा शेरा लिहिला असता, कदाचित विभागही वाचला असता. वाक्य अगदी जिभेवर होतं. सरांनी ओठ मिटले आणि मिटलेलेच ठेवले. तोंड गप्प ठेवायला माणसाला किती जोर लावावा लागतो, हे त्यांना आज पहिल्यांदा कळत होतं. तीन वर्षांच्या पोरानं हे रोज संध्याकाळी, पातेल्यासमोर बसून कसं केलं असेल, याचा विचार मनात आला आणि त्यांनी फळ्याची कड धरली.

खिडकीपाशी मुलीनं मान वळवली होती. ती आता सरांकडे बघत होती.

* * *

“तुम्ही सहा महिन्यांनी घरी जाल, सर,” तास संपल्यावर कॉरिडॉरमध्ये विभागप्रमुख म्हणाली. आवाज चढू नये म्हणून ती धडपडत होती. “मला अजून वीस वर्षं काढायचीयत. कुणाला वाचवलंत तुम्ही?”

सरांना तिच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण ती वळून निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून ती त्यांच्याशी कामापुरतं बोलू लागली. तिचं काही चुकत होतं असं सरांना वाटलं नाही, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. विभाग नव्या वर्षापासून व्यवस्थापनाच्या इमारतीत जाणार होता. सरांचं पुस्तक ‘लेखकाने निष्कर्ष मागे घेतल्यामुळे’ वाचनयादीतून काढलं होतं. सरांनी पत्र दोनदा वाचलं आणि फाईलला लावलं. जिन्याखालच्या टोपल्या आणि सापळे कुठे न्यायचे, याबद्दल पत्रात एक शब्दही नव्हता.

संध्याकाळी फाटकापाशी मुलगी उभी होती. सरांना बघून पुढे आली.

“आजीला सांगितलं मी, त्या दिवशीचं. काल गेले होते घरी.”

“काय म्हणाल्या?”

“काही नाही. गप्प बसली थोडा वेळ.”

सरांनी मान हलवली. त्याचा अर्थ त्यांनी विचारला नाही. मुलगी आणखी क्षणभर उभी राहिली, मग “येते, सर,” म्हणून बस पकडायला पळाली.

घरी बायकोनं ताट वाढलं. हीच बाई, नवी नवरी असताना, त्या पुस्तकाचं हस्तलिखित रात्ररात्र जागून टाईप करत बसली होती. सरांनी पत्राचं सांगितलं, आणि मग वर्गात जे सांगितलं नव्हतं तेही थोडक्यात सांगितलं. नाव न घेता, घर न सांगता, एवढंच की ती माणसं गप्प होती कारण जेवण पुरत नव्हतं. अर्थात तिला कुठलं घर ते सांगायची गरज नव्हती.

ती त्यांच्या ताटातल्या भाताकडे बघत राहिली. “मी विचारलं होतं तुम्हाला,” ती म्हणाली.

“काय?”

“टाईप करताना. म्हटलं, सहा माणसं, सातवे तुम्ही, आणि नकाशात पातेलं एवढंसं काढलंय. पुरायचं का हो सगळ्यांना?”

“मग मी काय म्हणालो?”

“म्हणालात, तू टाईप कर.”

सरांचा भात संपत आला तसा तिचा हात सवयीनं डावाकडे गेला. दुसऱ्यांदा वाढायला ती कधी विचारत नसे, इतक्या वर्षांत विचारायची गरजच पडली नव्हती.

सरांनी ताटावर हात आडवा धरला. मग ते उठले, ओट्यापाशी गेले आणि पातेल्यावरचं झाकण उचललं. तळाशी मूठ-दीड मूठ भात होता, आणि कडेला खरवडलेल्याच्या खुणा.

“तुझा कुठाय?”

“तोच की. बसा हो, गार होतंय तुमचं.”

“रोज एवढाच?”

“अहो, काय चौकशा लावल्यात? मला पुरतो तेवढा.”

सरांनी दुसरं ताट घेतलं, तांदळाची पिशवी खालच्या फळीवरून शोधून काढली, कारण ती कुठे असते हे त्यांना माहीत नव्हतं, आणि नवा भात लावला. तो होईपर्यंत दोघं ओट्यापाशी उभी होती. ती मध्येच एकदा, पाणी जास्त झालंय, म्हणाली. भात झाला तेव्हा त्यांनी डाव हातात घेतला, आणि त्यांच्या ध्यानात आलं की ही किती जेवते ते आपल्याला ठाऊक नाही.

“किती वाढू?” त्यांनी विचारलं, आणि ती सांगेपर्यंत डाव धरून उभे राहिले.